आधी घड्याळ बघ, मग ब्राउझर

भाऊ, जुना विंडोज एक्सपीवाला लॅपटॉप छान मिळाला तुला. पण त्यावर साइट उघडत नाहीत म्हणून लगेच विंडोज पुन्हा टाकू नको. मी माझ्या जुन्या थिंकपॅडवर दोनदा टाकलं, तरी प्रत्येक साइट 'सर्टिफिकेट (म्हणजे साइटचं ओळखपत्र) चुकीचं' म्हणून अडायची. शेवटी कोपऱ्यातली तारीख पाहिली: १ जानेवारी २००२! आतला नाण्याएवढा सेल मेला होता. मशीन २००२ सालात असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच झालेलं नसतं. नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी बाजारात, तसा सेल मिळतो. फक्त वायर-कनेक्टर जुळतोय का बघ, जुना सोबत घेऊन जा.

त्यानंतरही काही साइट उघडणार नाहीत. साइटना फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट ज्यावर टेकलं होतं ते जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं हातानं टाकावं लागतं. एक्सपीवर फायरफॉक्स ५२ च्या पुढे जाता येत नाही, आणि प्रोसेसर पेंटियम ३ असेल तर तेही चालत नाही, कारण त्यात फायरफॉक्सला लागणाऱ्या एसएसई२ नावाच्या सूचना नाहीत. म्हणून एक्सपी खेळांपुरती ठेव आणि वेबसाठी हलकं ३२ बिटचं लिनक्स टाक. वाचायला नेटसर्फ किंवा डिलो हे हलके ब्राउझर. व्हिडिओ विसर.

बँकेचं काम यावर चुकूनही नको.

वायफाय कार्डाला डब्ल्यूपीए२ (वायफायची सुरक्षा पद्धत) कळत नसेल तर राउटरला सरळ केबल लाव. आणि मे महिन्यात दुपारी चालवू नको बावा. नागपूरच्या ४५ डिग्रीत तो इवलासा पंखा काय करणार? कूलरसमोरही ठेवू नको, ओलावा आत जातो.