जीपचं मागचं डिफ वेल्ड करून लॉक करावं का?

प्रश्न असा आहे: जुनी जीप, फोर बाय फोर नाही, जांबोटीकडच्या शेतात पावसाळ्यात एकच चाक गरगरतं. डिफमध्ये (डिफरेन्शियल, वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) वेल्डिंग मारून दोन्ही चाकं एकत्र बांधली तर चालेल का?

शेतापुरती चालेल. रोज बेळगावात फिरवणार असाल तर नको.

पण "दोन टाके मारले की झालं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. असेच टाके मारलेलं एक डिफ गेल्या पावसात टेबलावर आलं होतं. ऑइल राखाडी, त्यात चमकणारा चुरा. दोन्ही टाके उडालेले, आणि शेंगदाण्याएवढा एक तुकडा क्राउन-पिनियनमध्ये (इंजिनचा जोर डिफला देणारी मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) जाऊन क्राउनचे तीन दात घेऊन गेलेला. वेल्डर म्हणतो रॉड खराब लागला. रॉड खराब नव्हता की ओ, चुकीचा होता! स्टार पिनियन (डिफच्या आतले छोटे गिअर) आणि सन गिअर (त्यांना लागून असलेले, एक्सेल ज्यात बसतो ते) वरून कडक केलेले असतात. थंड गिअरवर साधा 6013 नंबरचा रॉड ओढला की टाक्याच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो. त्यात दातांमधलं तेल तसंच, म्हणजे टाका आतून पोकळ.

करायचंच तर केस (हे गिअर ज्यात बसतात ते कवच) बाहेर काढा, साइड बेरिंग उतरवा, रॉकेलने आणि मग थिनरने दात कोरडे होईपर्यंत धुवा. सन गिअरच्या स्प्लाइनमध्ये (एक्सेल अडकतो त्या खाचांत) जुन्या एक्सेलचा तुकडा घालून ठेवा, नाहीतर गिअर आखडतो आणि एक्सेल परत आत जात नाही. गॅसने 200 ते 250 अंशांपर्यंत तापवा. रॉड 7018, तोही 300 ते 350 अंशांवर तासभर भाजलेला. दोन स्टार असतील तर दातांच्या चारही जागा भरा, समोरासमोर आलटून पालटून, दर थराला स्लॅग झाडून. केसला टाका लावू नका, ते बीड (ओतीव लोखंड) असतं, तडकतं. वेल्डिंगची अर्थ वायर गिअरवरच लावा. झालं की रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवा. पाणी मारलंत तर सगळं वाया.

बसवताना बेरिंगच्या कॅप डावी-उजवी बदलू नका, शिम (बेरिंगपाशी घातलेल्या पातळ चकत्या) होते तसेच. बॅकलॅश (क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली ढिलाई) डायल गेज लावून मोजा, साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा. ईपी 90 गिअर ऑइल भरून 100 किलोमीटरवर काढा आणि चुरा बघा.

आता वळणाचं. दोन चाकांत 1.3 मीटर अंतर धरलं तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक 2 मीटर जास्त चालतं. टायरचा घेरही तेवढाच, म्हणजे दर कोपऱ्याला जवळपास एक फेरी टायर घासत जाणार. चिखलात तो सरकून मोकळा होतो. डांबरावर एकतर टायर किंचाळतो, नाहीतर एक्सेल पिळतो. शिवाय एक चाक हवेत असलं की सगळा जोर दुसऱ्या एक्सेलवर येतो, आणि तो स्प्लाइनपाशी तुटतो. ओल्या चोर्ला घाटात तर गाडी आधी सरळ जायला बघते, मग शेपूट फेकते.

ट्रॅक्टरलाही डिफ लॉक असतं, पण ते पेडलवर. ऊसवाल्याला विचारा, वळायच्या आधी तो पाय काढतो. वेल्डवरून पाय काढता येत नाही. म्हणून वेल्डिंगलाच बेस्ट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

वेल्डच्या आधी हे करून बघा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर अडकल्यावर दोन-तीन खाचा ओढून हळू रेस द्या. गरगरणारं चाक आवळलं की दुसऱ्याला जोर मिळतो. काही जुन्या जीपमध्ये तो प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून डिफकडे जाणारा दांडा) असतो, तिथे याचा उपयोग शून्य. टायरची हवाही 18 पीएसआयपर्यंत उतरवून बघा, वर आल्यावर भरा.

एवढं वाचूनही वेल्ड केलंत तर मागचे दोन्ही टायर एकदमच बदला. एक नवा एक झिजलेला जोडला तर सरळ रस्त्यावरसुद्धा डिफ आखडतं.