थर्मामीटरमधली सरळ रेषा

प्रश्न: मुलगी दहावीत आहे, विचारते वाय = एमएक्स + सी हे सरळ रेषेचं समीकरण रोजच्या आयुष्यात कुठे लागतं? आणि आमचा नवा थर्मामीटर ताप सेल्सिअसमध्ये दाखवतो, तेही डोक्यात बसत नाही.

उत्तर: ताई, दोन्हीचं उत्तर एकच, फॅरनहाइट = १.८ × सेल्सिअस + ३२, हीच ती रेषा. ३२ हा सी, म्हणजेच इंटरसेप्ट, सेल्सिअस शून्य असताना येणारा आकडा, आणि १.८ हा एम, म्हणजेच स्लोप, सेल्सिअस एकने वाढलं की फॅरनहाइट तेवढं वाढतं, म्हणून ३८ म्हणजे १००.४ आणि ३९ म्हणजे १०२.२. खरी गंमत पुढे आहे, ताप एक डिग्री सेल्सिअसने उतरला तर फॅरनहाइटमध्ये फक्त १.८ ने उतरतो, इथे ३२ मिळवायचेच नाहीत कारण वजाबाकीत दोन्हीकडचे ३२ उडून जातात, हे तिलाच वहीत करून बघू द्या.