सायमनला एकटा वाचू नकोस

चि. स.,

तुझं पत्र मिळालं. निबंधाचं तिसरं प्रकरण अडलंय, झोप उडालीय, आणि शेवटी हा प्रश्न: जो सायमन द मॉन्टफोर्ट, इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेला लेस्टरचा अर्ल (सरदार), 1265 च्या जानेवारीत शहरांचे प्रतिनिधी संसदेत बोलावतो, त्यानेच लेस्टरमधून ज्यूंना कायमचं हाकललं, तर त्याला म्हणायचं काय? दोन रकाने पाडलेस, एकात गुण, एकात दोष. मार्गदर्शक म्हणतात पहिला रकाना वाढव, तुझं मन म्हणतं दुसरा.

दोन्ही रकाने फाडून टाक. त्या माणसाला तू एकटा उभा केलायस, सगळी गोची तिथे आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात कायदेकर्त्यांच्या रांगेत त्याचा संगमरवरी चेहरा लावलाय, तसा. बाप नाही, आई नाही, बायको नाही, मुलं नाहीत. त्याला घरच्यांत बसव आणि मग वाच.

घर फ्रान्समधलं. बापाचं नावही सायमन. दक्षिण फ्रान्समध्ये पाखंडी ठरवलेल्या लोकांवर चर्चने जे धर्मयुद्ध पुकारलं, त्याचा तो सेनापती. 1218 मध्ये तुलूझच्या वेढ्यात डोक्यात दगड बसून मेला. आई आलिस द मोंमोरान्सी, तिने तुलूझच्या ज्यूंना बायकामुलांसकट कैद करून बाप्तिस्मा नाहीतर मरण असा पर्याय दिला. पोरगा तेव्हा दहाएक वर्षांचा. आता लेस्टरमधून ज्यूंना हाकलणारी सायमनची 1231 च्या सुमाराची सनद पुन्हा काढ. ती तो कशासाठी देतो? स्वतःच्या आत्म्याच्या आणि पूर्वजांच्या व वंशजांच्या आत्म्यांच्या कल्याणासाठी. वंशजांनाही ती बांधील ठेवते, जगाच्या अंतापर्यंत. तू हे कलम तळटीपेत टाकलंस. अगं, ते वर घे! आणि हाकललेले लोक गेले कुठे, तर बरेचसे गावाच्या पूर्वेला, सायमनच्याच आजीच्या बहिणीच्या, मार्गारेटच्या, म्हणजे विंचेस्टरच्या काउंटेसच्या जमिनीवर. त्यावरून तिथला चर्चचा अधिकारी रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने मार्गारेटला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. म्हणजे एकाच घरातली आजी आसरा देते आणि नातू हाकलतो. यानं त्याचा अपराध तसूभरही कमी होत नाही, आणि 1264 मध्ये लंडनमध्ये त्याच्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंची जी कत्तल केली, तीही झाकायची नाही. पण ही सनद आली कुठून, ते आता तुला सांगता येईल. नुसत्या रकान्यातून ते कधीच कळलं नसतं.

वतनाचंही तेच. लेस्टरचा हक्क त्याला आजीकडून, अमिसियाकडून आला. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांचं फाटलेलं, त्यामुळे दोन्हीकडच्या जमिनी एकाच हातात ठेवणं अवघड. थोरला भाऊ अमोरी फ्रान्समध्ये राहिला, त्याने इंग्लंडमधल्या जमिनींवरचा हक्क धाकट्याला सोडला. आपल्या दफ्तरांत भाऊबंदकीचे तंटे ज्याने उलगडलेत, त्याला हे सांगावं लागू नये. तरी तुझ्या निबंधात अमोरी एकदाच येतो, तोही कंसात.

आता सायमनची बायको, एलनॉर. इथे माझा धीर सुटतो, कारण पन्नास पानांत तिला तू चार ओळी दिल्यास. राजा तिसऱ्या हेन्रीची सख्खी बहीण. नऊ वर्षांची असताना धाकट्या विल्यम मार्शलशी लग्न, सोळाव्या वर्षी वैधव्य, मग ब्रह्मचर्याची शपथ. 7 जानेवारी 1238 ला वेस्टमिन्स्टरमध्ये राजाच्या खासगी प्रार्थनागृहात सायमनशी गुपचूप लग्न झालं, आणि शपथेचं लचांड निस्तरायला सायमनला रोमला जावं लागलं. पहिल्या नवऱ्याच्या आयर्लंड आणि वेल्समधल्या जमिनींत तिचा विधवेचा वाटा होता, त्याबदल्यात तिला वर्षाला 400 पौंड मिळायचे. वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे, हे ती दोघं आयुष्यभर सांगत राहिली. इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांमधला 1259 चा पॅरिसचा तह अडून राहिला त्याचं एक कारण हेच: एलनॉर नॉर्मंडीवरचा हक्क सोडेना. दोन राजांचा तह एका बाईच्या थकबाकीपाशी थांबला! तू मात्र लिहितेस, ‘सायमनचे राजाशी मतभेद झाले.’ मतभेद कसले? मेव्हण्याशी पैशाचं भांडण होतं ते, वीस वर्षं चाललेलं, आणि राज्यकारभाराच्या सुधारणेचा प्रश्न त्यातच गुंतलेला. त्या भांडणामुळे सुधारणा खोटी ठरते असं मात्र समजू नकोस. माणसं तत्त्वासाठी आणि वाट्यासाठी एकाच वेळी लढतात.

तिचा 1265 चा घरखर्चाचा रोल, म्हणजे हिशेबाची गुंडाळी, शिल्लक आहे, फेब्रुवारी ते ऑगस्ट. आधी तो वाच, संसद नंतर. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासाचे दिवस, म्हणून मांस नाही, शेकड्यांनी हेरिंग मासे. रोजचा ब्रेड, दारू, घोड्यांची वैरण. मार्चमध्ये ओडिअमच्या किल्ल्यात सायमन आला, तेव्हा तबेल्यातला घोड्यांचा आकडा चाळिसेकावरून एकदम तीनशेच्या वर गेला. ज्या माणसाच्या मुठीत तेव्हा 1264 च्या लढाईत पकडलेला राजा होता, तो घरी कसा यायचा हे त्या वैरणीच्या आकड्यात दिसतं. उन्हाळ्यात ती डोव्हरच्या किल्ल्यात, आणि 4 ऑगस्टला ईव्हशमच्या लढाईत नवरा आणि थोरला मुलगा हेन्री एकाच दिवशी ठार. नवऱ्याच्या प्रेताचे तुकडे केले, डोकं राजपक्षाच्या मॉर्टिमर सरदाराच्या बायकोकडे पाठवलं. रोल त्यानंतरही महिनाअखेरपर्यंत चालतो. खाणारी तोंडं होतीच.

याच रोलवर मी एक सबंध प्रकरण लिहिलं होतं. एका प्रकाशन संस्थेच्या संपादकांनी सांगितलं, मासळीचे हिशेब कोण वाचणार, हे काढा आणि संसदेवर वाढवा. मी काढलं नाही. पुस्तक निघालं नाही. माझ्या बरोबरीच्यांच्या नावावर चार-चार पुस्तकं आहेत, आणि त्याची मला हळहळ आहे, रोज आहे. पण प्रकरण काढलं असतं तर उरलेलं पुस्तक खोटं झालं असतं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. म्हणून तुझ्या मार्गदर्शकांचं ‘पहिला रकाना वाढव’ वाचून माझं डोकं फिरलं. त्यांचा मान ठेव. त्यांच्याशी वाद घालताना आवाज चढवू नकोस. पण बायको-मुलांची पानं कापू देऊ नकोस.

मुलांकडेही बघ. गाय द मॉन्टफोर्ट (Guy) आणि त्याचा भाऊ धाकटा सायमन यांनी 1271 मध्ये इटलीतल्या व्हितेर्बोच्या चर्चमध्ये आतेभाऊ-मामेभावांचं नातं विसरून हेन्री ऑफ अल्मेनचा खून केला, बापाचा सूड म्हणून. कवी दान्तेने या गाय द मॉन्टफोर्टला नरकात उकळत्या रक्ताच्या नदीत उभा केलाय. मुलगी, तीही एलनॉर, वेल्सचा राजपुत्र लुएलिन याच्याशी लग्न करायला निघाली असताना हेन्रीनंतरचा राजा पहिला एडवर्ड याच्या माणसांनी समुद्रात पकडली. 1278 मध्ये लग्न झालं, 1282 मध्ये बाळंतपणात गेली. तिची पोर ग्वेनलियन, तान्ही असतानाच अनाथ झालेली, सेम्प्रिंगहॅमच्या मठात ठेवली, ती 1337 पर्यंत तिथेच. सनदेतल्या ‘वंशजां’चं पुढे काय झालं, ते हे.

तुझ्या मूळ प्रश्नाला लागेल असा एक कागद राहिला. 1 जानेवारी 1259 चं सायमनचं मृत्युपत्र, फ्रेंचमध्ये, मुलगा हेन्रीच्या हातचं. त्यात तो कर्जं फेडायला सांगतो, आणि आपल्या जमिनीवरच्या गरिबांना, विशेषतः कसणाऱ्यांना, त्यांच्याकडून घेतलेलं परत द्यायला सांगतो. हे निस्तरायचं कुणी? एलनॉरने. ज्यूंबद्दल त्यात अवाक्षर नाही. तिसरं प्रकरण या मृत्युपत्रापासून सुरू कर, लेस्टरची सनद लगेच त्याच्या शेजारी लाव, आणि संसद पाचव्या प्रकरणात ढकल. नवा आराखडा मार्गदर्शकांना दाखवण्याआधी मला पाठव. पुष्टीला रोलमधले कोणते दिवस घ्यायचे ते मी खुणा करून देतो.

तुझा,
सर