शहरी ब्लूज की नागर ब्लूज?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन संगीतावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'अर्बन ब्लूज'साठी 'नागर ब्लूज' लिहावं की 'शहरी ब्लूज'? आणि 'डेल्टा ब्लूज'ला 'त्रिभुज प्रदेशातला ब्लूज' म्हटलं तर चालेल का?

माझं मत विचाराल तर 'शहरी'च लिहा. 'नागर' म्हटलं की मराठी वाचकाला घडीव, सुसंस्कृत काहीतरी अभिप्रेत आहे असं वाटतं. ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, आणि या संगीताचं शहरात जे झालं ते निराळंच. दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवरची मजुरी आणि वर्णभेदाचा जाच मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली. त्यांतलाच गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. तिथल्या गुत्त्यांतल्या गलक्यात साधी गिटार कुणाला ऐकू जाणार? मग इलेक्ट्रिक गिटार आली, अ‍ॅम्प्लिफायर आला, जोडीला बास, पियानो, ड्रम्स. गाण्याचा साचा मात्र बराचसा जुनाच राहिला: बारा बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक गट) आवर्तन, पहिली ओळ दोनदा, आणि तिसऱ्या ओळीत तिचा जबाब.

मडी वॉटर्सच्याच वाद्यवृंदातल्या लिटल वॉल्टरचा माउथ ऑर्गन मुद्दाम ऐका. तो वाद्य आणि छोटा माइक एकाच ओंजळीत घट्ट धरायचा. हवा इकडेतिकडे निसटायला जागा नाही, सगळा श्वास थेट माइकवर. अ‍ॅम्प्लिफायरवर ताण आला की सूर फाटायचा, जाड व्हायचा, आणि एवढ्याशा वाद्यातून सॅक्सोफोनचा दम ऐकू यायचा. 1952 सालच्या त्याच्या 'ज्यूक' या रेकॉर्डमध्ये गाणं नाहीच, नुसतं वादन आहे. किती रसरशीत वाजवलंय! त्या सुराला 'नागर' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हेही खरं, की 'अर्बन ब्लूज' हे नाव फक्त शिकागोपुरतं वापरत नाहीत. इंडियानापोलिसचा लेरॉय कार 1928 मध्येच पियानो आणि गिटारच्या साथीने शांत, आर्जवी गळ्याने गात होता. तिथे 'नागर' शोभलंही असतं. पण दोघांनाही सामावून घेईल असा शब्द 'शहरी' हाच.

'त्रिभुज प्रदेश' मात्र साफ चूक. हा डेल्टा म्हणजे मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडची, मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधली सपाट गाळाची जमीन. मिसिसिपी नदी समुद्राला मिळते ती तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, लुइझियानात. तेव्हा 'डेल्टा ब्लूज' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखापाशी हा भाग कुठला ते अर्ध्या ओळीत सांगा.

जाता जाता उच्चाराचं: 'ब्लूज'मधला ज 'जागा'मधल्यासारखा म्हणावा, 'जीवन'मधल्यासारखा नाही. लिहिताना 'ब्लूझ' करायची गरज नाही.