केसाळ घरातला रोबो : वाचकांचे प्रश्न

केर काढणारा आणि लादी पुसणारा रोबो ज्या घरात आहे आणि त्याच घरात कुत्रा किंवा मांजरही आहे, अशा वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच दिसतं : केस आणि पाणी यांची नको तिथे गाठ पडते.

प्रश्न : आमच्याकडे लॅब्राडोर आहे. रोबो रोज केर काढतो, लादी पुसतो, पुसायचं पॅडही डॉकमध्ये (रोबो चार्जिंगला जाऊन उभा राहतो त्या तळात) आपोआप धुतलं जातं. तरी लादी पुसून झाली की तासभर घरात ओल्या कुत्र्यासारखा कुबट वास येतो. कुत्र्याला आंघोळ घालूनही फरक पडला नाही.

उत्तर : कुत्र्याचा यात दोष नाही, वास यंत्रातून येतोय. लाळ, त्वचेचा कोंडा आणि अंगाचा तेलकटपणा पॅडमध्ये मुरतो. पॅड ओलं राहिलं की त्यावर जिवाणू वाढतात आणि पुढच्या फेरीत तेच घरभर पसरतं. चार जागा तपासा.

आधी पॅड. डॉक पॅड धुतो तेव्हा वरवरचा मळ निघतो, आत मुरलेला तसाच राहतो. गरम हवेने वाळवण्याची सोय असेल तर ती अ‍ॅपमध्ये चालू आहे ना ते पाहा आणि वेळ तीन-चार तासांची ठेवा. पुष्कळ जण आवाज नको म्हणून ती बंद करतात आणि मग वासाने हैराण होतात. सोय नसेल तर काम संपल्यावर पॅड काढून वाळत घालायचं, त्याला पर्याय नाही. आठवड्यातून एकदा तरी पॅड वॉशिंग मशीनमध्ये धुवा, पण त्याआधी त्याला चिकटलेले केस कोरड्या ब्रशने काढा. फॅब्रिक कंडिशनर घालू नका : त्याचा थर मायक्रोफायबरवर बसतो आणि पॅड पाणी शोषेनासं होतं. पॅडचे दोन-तीन जोड हाताशी ठेवले की ओलं पॅड घाईने परत लावायची वेळ येत नाही.

मग गढूळ पाण्याची टाकी. ती भरल्याची सूचना येईपर्यंत थांबू नका, प्रत्येक फेरीनंतर रिकामी करा, विसळा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. तिसरी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही : डॉकच्या तळाशी पॅड जिथे घासलं जातं ती ताटली आणि तिच्याखालची जाळी. तिथे केसांचा आणि गाळाचा लगदा साठतो आणि वासाचं खरं घर बहुधा तेच असतं. बहुतेक डॉकमध्ये ही ताटली उचलून काढता येते. आठवड्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासा. शेवटी स्वच्छ पाण्याची टाकी. तिच्यातलं पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर आतून बुळबुळीत थर धरतो.

एवढं करूनही पॅडवर केसांच्या दोऱ्या दिसत असतील तर कामाचा क्रम चुकतोय. एकाच फेरीत केर ओढणं आणि लादी पुसणं दोन्ही चालू असलं की बाजूच्या ब्रशने उडवलेले काही केस ओल्या पॅडखाली सापडतात, तिथे त्यांची गुंतवळ होते आणि लादीवर रेघा उमटतात. अ‍ॅपमध्ये ‘आधी केर, मग लादी’ असा पर्याय असेल तर तोच कायम ठेवा. नसेल तर दोन वेगळी वेळापत्रकं लावा : पहिली फेरी पॅड काढून, दुसरी पॅड लावून. वेळ जास्त लागेल, पण लागतो तो रोबोचा.

प्रश्न : पाण्यात थोडं फिनेल किंवा सुगंधी तेल टाकलं तर चालेल का? घरात दोन मांजरी आहेत.

उत्तर : नाही, आणि हे ‘नाही’ आधी मांजरींसाठी आहे, मग यंत्रासाठी. फिनॉल वर्गातली रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृतातली क्रिया मांजरात फार दुबळी असते. पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं आणि नंतर पंजे चाटतं, म्हणजे लादीवरचं सगळं शेवटी त्याच्या तोंडात जातं. टी ट्री, पाइन, लिंबूवर्गीय अशी सुगंधी तेलंही याच कारणाने बाद. बेन्झाल्कोनियम क्लोराइड असलेल्या जंतुनाशकांमुळे मांजरांच्या जिभेवर आणि तोंडात व्रण येऊ शकतात. बाटलीवर हे नाव दिसलं तर ती बाजूला ठेवा.

यंत्राचं म्हणाल तर फेसाळ द्रव डॉकमध्ये गेला की गढूळ पाण्याच्या टाकीत फेस भरतो आणि टाकी भरल्याची खोटी सूचना येत राहते. व्हिनेगर आणि ब्लीचने रबरी सील आणि धातूचे भाग खराब होतात. साधं पाणी पुरतं. फारच तेलकट लादी असेल तर यंत्राच्या कंपनीने सांगितलेला द्रव, सांगितलेल्याच मापात, आणि तोही मांजर असलेल्या घरात चालतो का हे वाचून.

प्रश्न : पिल्लू तीन महिन्यांचं आहे, अजून कुठेही शी करतं. रोबोने ती घरभर पसरवली तर? असं होऊच नये म्हणून कोणतं यंत्र घ्यावं?

उत्तर : डोक्यावर गोल बुरूज असलेले रोबो लेझरने खोलीचा नकाशा काढतात. तो लेझर बुरुजाच्या उंचीला आडवा फिरतो, त्यामुळे भिंती आणि कपाटं बिनचूक दिसतात, पण जमिनीलगतची शी, मोजा, चावायचं खेळणं त्याला दिसत नाही. त्यासाठी पुढच्या बाजूला कॅमेरा आणि वस्तू ओळखणारी प्रणाली लागते. आयरोबॉट कंपनीने 2021मध्ये आणलेल्या रुम्बा जे7+ची जाहिरातच पाळीव प्राण्याची शी ओळखून टाळणारं यंत्र अशी होती. नंतर इतर कंपन्यांच्या महागड्या यंत्रांतही ही सोय आली. मात्र कॅमेऱ्याला उजेड लागतो, आणि पातळ जुलाब किंवा शूचं थारोळं कॅमेऱ्याला सपाट डागासारखं दिसतं. तेव्हा यंत्र कोणतंही असो, पिल्लाला सवय लागेपर्यंत वेळापत्रक बंद. आधी खोल्यांतून स्वतः एक चक्कर मारायची, मग बटण दाबायचं. पिल्लू ज्या खोलीत रात्र काढतं ती खोली नकाशात निषिद्ध क्षेत्र करून टाका.

तरीही झालंच, तर पहिल्या मिनिटात काय करता ते महत्त्वाचं. रोबो जिथे आहे तिथेच थांबवा आणि उचला. त्याला डॉककडे जाऊ देऊ नका : केर आपोआप खेचणारा डॉक असेल तर घाण थेट नळीत आणि पिशवीत जाईल, आणि ती नळी साफ करणं रोबो साफ करण्यापेक्षा अवघड असतं. यंत्र पूर्ण बंद करा, हातमोजे घाला, उलटं करून जुन्या कागदावर ठेवा. फिल्टर आणि पॅड टाकून द्या, ते वाचवायच्या भानगडीत पडू नका. मुख्य ब्रश, त्याची जाळी, बाजूचा ब्रश आणि पुढचं छोटं चाक काढून कोमट साबणपाण्यात भिजवा. केराचा डबा धुण्यासारखा असल्याचं पुस्तिकेत लिहिलं असेल तरच धुवा. काही डब्यांतच मोटर असते. मूळ यंत्र नळाखाली कधीच धरायचं नाही. मोठ्या चाकांच्या खाचा ओलसर कापसाच्या काड्यांनी, तळाचे सेन्सर घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने. सगळे भाग किमान एक पूर्ण दिवस वाळू द्या, मगच जोडा.

शूच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे. केर ओढणारा भाग द्रवासाठी बनवलेला नसतो. शू आत गेली की फिल्टर भिजतो, मोटर गंजते आणि वास कायमचा राहतो. शू आधी हाताने टिपून घ्या, त्यावर एन्झाइमचा क्लीनर वापरा. ब्लीच अजिबात नको : शूमधल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो.

प्रश्न : लांब केसांचं पर्शियन मांजर. दर दोन दिवसांनी ‘मुख्य ब्रश अडकला’. केस कापून काढतो, तरी पुन्हा तेच.

उत्तर : मधले केस काढता, टोकांचे राहतात. ब्रशच्या दोन्ही टोकांना टोप्या किंवा बेअरिंग असतात. केस सरकत सरकत तिथे जातात आणि टोपीखाली घट्ट कडं होतं. ब्रश बाहेर काढा, टोप्या ओढून काढा आणि शिवण उसवायच्या हत्याराने कडं कापा. कात्रीपेक्षा ते बरं, रबराच्या पाती कापल्या जात नाहीत. टोप्या परत बसवताना टोक सहज फिरतं का ते बोटाने पाहा.

मग बाजूचा ब्रश. तो एका स्क्रूने बसवलेला असतो किंवा नुसता ओढून निघतो. त्याच्या दांड्याभोवती केस आवळलेले सापडतील. पुढचं छोटं चाकही सपाट स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा आणि आसासकट साफ करा. ते अडकलं की रोबो चाक फरफटत नेतो, लादीवर ओरखडे उठतात आणि त्याचा नकाशाही थोडा थोडा सरकू लागतो. लांब केसांच्या घरात हे सगळं आठवड्यातून एकदा करायचं काम आहे.

ब्रश बदलता येत असेल तर तंतूंचा काढून पूर्ण रबरी बसवा. केस त्यालाही गुंडाळतात, पण सरकून निघतात. आणि मांजराला रोज विंचरा. फणीत आलेला केस ब्रशमध्ये जात नाही.

प्रश्न : किती पास्कलचा रोबो घ्यावा? जाहिरातींत आकडे दरवर्षी वाढतायत.

उत्तर : आकड्यामागे धावू नका. पास्कल हा केर ओढण्याच्या दाबाचा आकडा आहे, किती हवा वाहते ते तो सांगत नाही, आणि तोंडाशी फट असली की दाबाचा उपयोग उरत नाही. कठीण लादीवर आज मिळणाऱ्या कोणत्याही बऱ्या यंत्राला केस उचलता येतात. जाड गालिचा असेल तर फरक पडतो, तोही ब्रशने जास्त. पैसे घालायचेच असतील तर रबरी ब्रश, कॅमेरा आणि गालिच्यावर पॅड उचलून धरण्याच्या सोयीत घाला. लांब लोकरीच्या गालिच्यावर मात्र उचललेलं पॅडही टेकू शकतं. पॅड डॉकवरच काढून ठेवणारं यंत्र तिथे बरं.

प्रश्न : मांजराच्या वाळूभोवती लादीवर राखाडी चिखल होतो, आणि डॉकची नळी दोनदा तुंबली.

उत्तर : गोळे होणारी वाळू म्हणजे बहुधा बेंटोनाइट माती. पाणी शोषून फुगायचं आणि चिकटायचं हाच तिचा गुण. ट्रेमध्ये तो हवा असतो, पॅडखाली नको. ओलं पॅड त्या दाण्यांवरून गेलं की चिखल, तो डॉकमध्ये धुतला गेला की गाळ, आणि नळीत बसला की बूच. ट्रेभोवती साधारण मीटरभर जागा अ‍ॅपमध्ये ‘पुसू नये’ अशी आखा. तिथे केर काढू द्या, पाणी नको. ट्रेखाली दाणे अडकवणारी चटई घाला. मातीची बारीक धूळ फिल्टरही लवकर बुजवते, तेव्हा तो दर दोन दिवसांनी कचऱ्याच्या डब्यावर आपटून झटका. फिल्टर धुण्याजोगा असेल तर धुतल्यावर 24 तास वाळल्याशिवाय परत बसवू नका. ओल्या फिल्टरवर हीच धूळ लिंपल्यासारखी बसते. तुंबलेल्या नळीत तारा खुपसू नका. ती सुटी होत असेल तर काढून कोमट पाण्याने धुवा. लाकडाच्या किंवा कागदाच्या गोळ्यांची वाळू मांजराला चालत असेल तर निम्मी कटकट मिटते, पण बदल हळूहळू, जुन्यात मिसळत करा. मांजरं रुसतात आणि मग ट्रेबाहेर जातात.

प्रश्न : कुत्रा रोबोवर भुंकतो, चावतो. सवय कशी लावायची?

उत्तर : चार-पाच दिवस यंत्र बंद अवस्थेत खोलीच्या मध्यावर ठेवा, जवळ गेला की खाऊ. मग दुसऱ्या खोलीत, दार लावून, सर्वांत हळू ओढीवर चालवा. मग दार उघडं. रोबो त्याच्या दिशेने येत असेल तर कुत्र्याला नाही, रोबोला वळवा. सर्वांत मोठा दचका डॉक रोबोतला केर खेचतो त्या आवाजाचा असतो, काही सेकंदांचा पण जोरदार. तो कुत्रा फिरायला गेलेला असताना होईल अशी वेळ लावा. खाण्याचं आणि पाण्याचं भांडं निषिद्ध क्षेत्रात टाका. रोबो पाण्याचं भांडं ढकलतो आणि मग सांडलेल्या पाण्यात स्वतःच शिरतो.

प्रश्न : मुलीला मांजराची अ‍ॅलर्जी आहे. रोबोने कमी होईल?

उत्तर : थोडी मदत होईल. अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. त्यातलं मुख्य फेल डी 1. ते इतक्या बारीक कणांवर असतं की हवेत बराच वेळ तरंगतं, आणि रोबोचा ब्रश ते उडवतोही. मुलगी घरात नसताना चालवा, फिल्टर हेपा (अगदी बारीक कण अडकवणारा) असू द्या, डबा दुसऱ्या कोणी घराबाहेर रिकामा करा. सोफा, गाद्या आणि पडदे रोबोच्या आवाक्यात नाहीत, आणि साठा तिथेच जास्त असतो.

प्रश्न : घरात पिसवा झाल्यात. रोबो दिवसातून दोनदा चालवला तर पुरेल?

उत्तर : एकट्या रोबोने नाही. प्राण्यावर उपचार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करा, आणि कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, ते मांजरासाठी जीवघेणं ठरू शकतं. रोबो अंडी आणि पूर्ण वाढलेल्या पिसवा उचलतो, कोष मात्र धाग्यांना चिकटलेले राहतात. यंत्राच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर पडतात, म्हणून पहिल्या आठवड्यात त्या वाढल्यासारख्या वाटतील, थांबू नका. प्राण्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या खाचा हातातल्या व्हॅक्यूमने काढा. या काळात डॉकचं आपोआप रिकामं करणं बंद ठेवा, नाहीतर पिसवा आठवडेच्या आठवडे पिशवीत घरातच राहतात. डबा रोज हाताने प्लास्टिकच्या पिशवीत रिकामा करा, पिशवीला गाठ मारा आणि त्याच वेळी घराबाहेर टाका.