दंगलीत नाव आलेल्या सगळ्यांवरचे गुन्हे एकदम मागे घेणं न्याय्य आहे का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ ला संसदेच्या इमारतीत घुसलेल्या दंगलखोरांना सरसकट माफी मिळाली, आपल्याकडेही सरकार बदललं की राजकीय आंदोलनाचे गुन्हे मागे घेतात, मग अशा लोकांवर खटला चालवण्यात न्याय कुठे उरतो?

रत्नागिरी जिल्ह्यात फौजदारी बाजू चालवणाऱ्याला हा प्रश्न झोंबतोच, म्हणून लांबलचक लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. सरसकट गुन्हे दाखल करणं आणि सरसकट मागे घेणं, दोन्हींच्या मागे एकच आळस आहे: कोणी नेमकं काय केलं हे शोधायचा. तो शोध पहिल्या आठ दिवसांत झाला नाही तर पुढची दहा वर्षं कोर्टात कोणीही काहीही केलं तरी निकाल धड लागत नाही. निर्दोष माणूस तारखा भोगतो आणि पोलिसाच्या डोक्यात दगड घालणारा सुटतो.

आमच्याकडच्या फिर्यादी उघडून बघा. जैतापूरचा अणुप्रकल्प असो, नाणारची रिफायनरी असो की बारसूची, साचा तोच. दहा-पंधरा नावं आणि पुढे 'व इतर २०० ते २५० इसम'. हे शेवटचे शब्द सगळ्यात घातक. पुढचे कित्येक महिने पुरवणी जबाबांतून त्यात नावं भरली जातात. नावं कुठून येतात? आंदोलनाआधी ज्यांना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ खाली प्रतिबंधक नोटिसा दिल्या, त्यांची यादी ठाण्यात तयारच असते. (ही १४९ वेगळी आणि जुन्या भारतीय दंड संहितेची समान उद्देशाची १४९ वेगळी, पक्षकार दोन्हींत कायम गोंधळतात.) जुन्या चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेतलेल्यांची, यादी असते. संघर्ष समितीच्या निवेदनाखालच्या सह्या असतात. फिर्यादीतली नावं नोटिशीच्या यादीशी ताडून बघा. क्रमसुद्धा तोच निघाला, तर फिर्यादीने माणसं डोळ्यांनी पाहिली की कागदावरून उतरवली, हा उलटतपासाचा पहिला प्रश्न झाला.

दुसरा प्रश्न बंदोबस्ताचा. एक पोलीस चाळीस जणांना नावानिशी ओळखतो म्हणतो. तो त्या बीटचा आहे का? त्या दिवशी त्याची नेमणूक त्या फाट्यावर होती का? बंदोबस्त वाटपाची यादी आणि स्टेशन डायरीतली नोंद मागवा. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या तुकडीतला जवान वाडीतल्या माणसाचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगत असेल, तर ते नाव त्याला कोणी सांगितलं हे रेकॉर्डवर आलंच पाहिजे. जखमी पोलिसाच्या वैद्यकीय दाखल्यावरची वेळ, फिर्यादीची वेळ आणि घटनेची वेळ शेजारी शेजारी मांडा. बचाव बऱ्याचदा तिथेच सापडतो.

कोकणात याहून मोठी अडचण चाकरमान्याची आणि बोटीवरच्या माणसाची. घरातल्या तीन भावांची नावं एका दमात घातली जातात, त्यातला एक त्या दिवशी विरारला कामावर असतो आणि दुसरा समुद्रात. मी तिथे नव्हतोच, हे शाबीत करायची जबाबदारी ज्याची त्यानेच उचलायची असते. ते पुरावे पहिल्या महिन्यात गोळा केले नाहीत तर हातचे जातात. सीसीटीव्हीचं फुटेज बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत पुसलं जातं. म्हणून कंपनीला आणि दुकानदाराला ताबडतोब लेखी पत्र द्या, तपासी अंमलदारालाही द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर कोर्टातून ते मागवून घ्यायचा अर्ज करा (जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम ९१, आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९४). कंपनीची हजेरी, रेल्वेचं आरक्षण, बंदरावरची बोट गेल्या-आल्याची नोंद, मच्छीमार सोसायटीची डिझेलची पावती, हे सगळं मूळ स्वरूपात ठेवा. तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांचे जबाब उपयोगी पडतात, पण नुसते तेवढेच असले की 'आपल्या माणसांचे' म्हणून बाजूला पडतात.

मोबाइलच्या लोकेशनवर फार विसंबू नका, दोन्ही बाजूंनी. लोकेशन टॉवरचं असतं, माणसाचं नसतं. आमच्या खाड्या आणि डोंगर बघता अलीकडच्या काठावरचा फोन पलीकडच्या गावातला टॉवर पकडतो. गावातच राहणाऱ्याचा फोन गावच्या टॉवरवर दिसला, यावरून तो मोर्च्यात होता असं कसं ठरेल?

आता कायद्याचं. बेकायदेशीर जमाव व्हायला पाच माणसं लागतात आणि समान उद्देशाच्या कलमाखाली (जुन्या दंड संहितेचं १४९, आता बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १९०) एकाने केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. प्रत्येकाने दगड मारलेला दाखवावा लागत नाही, हे खरं. पण नुसतं हजर असणंही पुरत नाही. 'मसलती विरुद्ध उत्तर प्रदेश' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मोठ्या जमावासाठी सावधगिरीची कसोटी मान्य केली: दोन-तीन किंवा अधिक साक्षीदार एखाद्या आरोपीबद्दल सुसंगत सांगत असतील तरच त्याला दोषी धरावं. १९७८ च्या मुथू नायकर खटल्यात तर गावात गलका झाला की बघे जमतातच, त्यांना जमावाचे सदस्य समजू नका, असं बजावलंय. जेटीवर किंवा नाक्यावर आरडाओरडा झाला तर आमच्याकडे घरात कोण थांबतं? हे दोन निकाल जामिनाच्या अर्जापासूनच वापरायचे, शेवटच्या युक्तिवादापर्यंत राखून ठेवायचे नाहीत.

ओळख परेडमध्ये सरकारी बाजू हमखास घसरते. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीसोबत निदान सहा माणसं उभी करायची, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, आणि एका परेडला सहसा दोनहून जास्त आरोपी नाहीत. तीस आरोपी असले की हे पाळायचं म्हणजे किती दिवसांचं काम, हिशेब करा. मग उरकाउरकी होते. शिवाय तोवर आरोपींचे फोटो पेपरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले असतात. साक्षीदाराने फोटो आधी पाहिला असेल तर त्या परेडला काय अर्थ?

व्हिडिओ हा यावरचा खरा उपाय, आणि तोच नीट सांभाळला जात नाही. खोतकर-गोरंट्याल खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागणारच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खाली दोन भागांचं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागते. तरीही कोणाच्या तरी फोनवरून फॉरवर्ड होत आलेली, दाबून बारीक झालेली क्लिप सीडीवर उतरवून दोषारोपपत्राला जोडतात. मूळ कॅमेरा कोणाचा, कार्ड कधी जप्त केलं, सील कुठे, काहीच नाही. त्या क्लिपमध्ये खरा दगड मारणारा स्पष्ट दिसत असला तरी तो सुटतो. जखमी झालेल्या हवालदारावर हा अन्याय आहे, आणि बचावाच्या बाजूचा असूनही मला तो सलतो.

कलमं लावण्यातही हात सैल. सरकारी नोकरावर हल्ल्याचं ३५३ महाराष्ट्राने २०१८ पासून पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं केलं आणि खटला सत्र न्यायालयात नेला. त्यामुळे रस्त्यावर आडव्या पडलेल्या बाईवरही ३५३ लागलं की प्रकरण थेट सेशनला. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला बीएनएसचं १३२ लागतं, तिथे मूळ कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. घटनेची तारीख बघूनच बोला. मनाई आदेश मोडल्याचं १८८ (आता बीएनएस २२३) नुसत्या पोलीस दोषारोपपत्रावर चालत नाही. त्याला आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टात यावी लागते. ती नसेल तर त्या कलमापुरता अर्ज पहिल्याच तारखांना टाका.

आता गुन्हे मागे घेण्याबद्दल. मंत्र्यांनी घोषणा केली म्हणजे केस संपली, ही समजूत पोरांचं फार नुकसान करते. डिसेंबर २०१९ मध्ये नाणारच्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हाही लोकांना वाटलं की सुटलो. वाट लांब असते. शासन निर्णय निघतो, समिती एकेक प्रकरण अटींत बसतं का बघते, मग सरकारी वकील स्वतःचं डोकं वापरून कलम ३२१ चा (आता बीएनएसएस ३६०) अर्ज करतो आणि कोर्ट संमती देतं किंवा नाकारतं. केरळ विधानसभेतल्या तोडफोडीचा खटला मागे घ्यायला सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये साफ नकार दिला होता. कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत तारीख चुकवू नका. घोषणेच्या भरवशावर घरी बसलेल्याच्या नावाने वॉरंट निघतं, आणि गणपतीला गावी आला की पोलीस दारात उभे.

अटींतही खोट आहे. अशा शासन निर्णयांत साधारण दोन अटी असतात: जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांहून जास्त नसावं. १८ एप्रिल २०११ ला जैतापूरविरोधी आंदोलनात साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक गेला. जीवितहानीची अट शब्दशः वाचली तर मरण कोणाच्या हातून झालं हे ती विचारतच नाही. नुकसानीचा आकडा पंचनाम्यावरून येतो, आणि एसटीची एक काच आणि जाळलेली जीप एकाच बेरजेत धरली की काच फोडणाराही अटीबाहेर जातो.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथे दीड हजारांहून जास्त लोकांवर खटले झाले, सुमारे १४० पोलीस जखमी होते. पण नुसता आत घुसलेला आणि पोलिसाला मारणारा यांची कलमं वेगळी होती, शिक्षाही वेगळ्या. सरकारी कामकाजात अडथळ्याचं एक कलम फार ताणलं गेलं, ते तिथल्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये फिशर खटल्यात आखडून घेतलं. म्हणजे चूक दुरुस्त करायची वाट कोर्टातच होती. २० जानेवारी २०२५ च्या माफीने ती सगळी निवड पुसली. चौदा जणांची फक्त शिक्षा कमी झाली, बाकीच्या दोषी ठरलेल्यांना सरसकट माफी. तुम्ही याला उदाहरण म्हणून पुढे करू नका. आपल्याकडे ती निवड कधी झालेलीच नसते, हा खरा फरक.

'गर्दीत गेलात ना, मग भोगा' असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. त्यांना विचारतो, भोगतं कोण ते बघा. पुढाऱ्याला वकील असतो, त्याची केस त्याच्या भाषणातल्या शौर्यात जमा होते. बोटीवर जायच्या तयारीतल्या किंवा आखाताची वाट बघणाऱ्या पोराचा पासपोर्ट मात्र प्रलंबित खटल्यामुळे अडतो, दर वेळी कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि चारित्र्य पडताळणीत लाल शेरा. 'आपलं सरकार आलं की बघू' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांशीही तोच वाद. ऑगस्ट २०२१ पासून आमदार-खासदारांवरचा खटला हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. साहेब आणि पोरं एकाच केसमध्ये असली की साहेबांसाठी पोरंही लटकतात. म्हणून बाकीच्या आरोपींपुरता वेगळा अर्ज करा, असं सरकारी वकिलांना लेखी सुचवा. पुढाऱ्यांना हे आवडत नाही. न आवडू दे.

हे सगळं प्रकल्पविरोधी किंवा मागण्यांच्या आंदोलनांबद्दल आहे. माणसं मारली गेली, घरं जाळली, अशा जातीय दंगलींना हे लावू नका. तिथे मागे घेणं हा विषयच नको. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स आमच्याच किनाऱ्यावर, रायगडातल्या शेखाडीला उतरलं. त्या कटासाठी विशेष कोर्ट बसलं आणि शंभर जण दोषी ठरले, ते योग्यच झालं. त्याआधीच्या मुंबईच्या दंगलीत सुमारे नऊशे माणसं गेली, तिची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, आणि २०२२ मध्येही सुप्रीम कोर्टाला ९७ निद्रिस्त खटल्यांचा माग काढायला सांगावं लागलं. असं वजन दोन पारड्यांत वेगळं पडतं तेव्हा लोकांचा विश्वास उडतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. दोषारोप निश्चित होण्याआधी खटला मागे घेतला तर आदेशात आरोपमुक्त असं येतं, नंतर घेतला तर निर्दोष मुक्त. पासपोर्टच्या आणि नोकरीच्या अर्जात तुमच्या आदेशात आहे तेच लिहा. आदेशाच्या तीन प्रमाणित प्रती काढा: एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि तिथल्या गुन्ह्यांच्या नोंदीत बदल करायला लावा, एक पासपोर्टच्या फाइलला, एक घरी. नवीन कायद्यात संमती देण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं कोर्टावर बंधनकारक आहे, तेव्हा ज्याची गाडी फुटली किंवा डोकं फुटलं त्याला नोटीस गेली का हेही आदेशात वाचून घ्या. नसेल गेली, तर तो आदेश वरच्या कोर्टात उडू शकतो.