अर्धा तास सारखाच, पुढे काय?

प्रश्न : लँकोम कंपनीचा 'ला व्ही ए बेल' हा पर्फ्यूम मला आवडतो, पण खिशाला झेपत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये त्याच धाटणीची १०० मिलीची बाटली हजार रुपयांत मिळाली. दुकानात वास सेम टू सेम होता. पण अंधेरीहून चर्चगेटला पोहोचेपर्यंत नुसता साखरेचा पाक उरतो. असं का?

उत्तर : दुकानात आपण हुंगतो तो पर्फ्यूमचा पहिला अर्धा तास, आणि नक्कल नेमकी तेवढ्याचीच चांगली जमते. पेअर, ब्लॅककरंट अशा फळांचा वास देणारी द्रव्यं स्वस्त आणि पटकन उडून जाणारी. गोडवाही स्वस्तच. तो येतो एथिल माल्टोल या द्रव्यातून, जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास तो हाच. १९९२ साली मुग्लरच्या 'एंजल'ने ते सढळ हाताने वापरलं, तेव्हापासून गोड पर्फ्यूमची लाटच आली.

पैसा लागतो तो या गोडव्याला आवर घालायला. 'ला व्ही ए बेल'मध्ये (२०१२) ते काम आयरिस या फुलझाडाचे कंद आणि पॅचुली या झुडपाची सुगंधी पानं करतात. आयरिसचे कंद खणल्यावर काही वर्षं मुरवावे लागतात, तेव्हा कुठे त्यांना वास धरतो. त्यामुळे अस्सल अर्काची किंमत विचारूच नका. स्वस्त बाटलीत इथेच हात आखडतो. मग लोकलच्या घामट डब्यात फळं उडून जातात आणि चिवट एथिल माल्टोल एकटं मागे उरतं.

घरी पडताळा घ्या. जाड कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या, मागे पेन्सिलीने खूण, १५ सेंटिमीटरवरून एकीवर मूळ पर्फ्यूमचा, दुसरीवर नकलेचा एकेक फवारा. घरातल्या कुणाला तरी पट्ट्यांची अदलाबदल करायला सांगा आणि खूण न बघता हुंगा : लगेच, अर्ध्या तासाने, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. निकाल चौथ्या तासाचा धरा.

हिशेब असा. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. म्हणजे तुमचा फवारा रुपयाला पडतो. महागडी ५० मिलीची बाटली समजा ८,००० रुपयांची, तर तिचा सोळा रुपयांना. एवढा फरक असेल तर स्वस्त बाटली फेकायचं कारण नाही. ती एसी ऑफिसात पोहोचल्यावर मारा, दोनच फवारे. वास येईनासा झाला म्हणून तिसरा नको : आपलं नाक सरावतं, शेजारणीचं नाही. मात्र फुटपाथवर मूळ कंपनीच्याच नावाने, तशाच खोक्यात 'ओरिजिनल' म्हणून विकतात ती नक्कल नव्हे, बनावट. आत काय असेल याचा भरवसा नाही, त्वचेवर तर मुळीच नको.

प्रश्न : गोड पर्फ्यूम वर्षभरात तांबूस झाला. टाकून द्यावा का?

उत्तर : नुसत्या रंगावरून नको. व्हॅनिलाचा गोड वास देणारं व्हॅनिलिन कालांतराने गडद होतं, म्हणून तर पांढऱ्या ओढणीवर असा पर्फ्यूम मारला की पिवळट डाग पडतो. फवाऱ्याला आंबूस किंवा खवट तेलासारखा वास आला तर मात्र टाका. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको, कपाटात खोक्यासकट ठेवा.